चावायला काहीतरी

लेकीच्या अकरावीसाठी मी नांदेड सोडून लातूरला आले तेव्हा सोबत दोन गाद्या, गॅसची शेगडी, पुस्तकांची चार खोकी आणि आमची कुत्री होती. ह्यांची नोकरी फिरतीची. आठवड्यातले चार दिवस कंधार, देगलूर असं चालायचं, त्यामुळे मागं कुत्रीला बघणारं कुणी उरणार नव्हतं. शिवाय लेकीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "ती येणार नसेल तर मी पण नाही." मी नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते, ती नोकरी सोडली. जबरदस्ती कुणी केली नाही. पण "तू नाही गेलीस तर कोण जाणार?" असं ह्यांनी विचारलं, आणि मी राजीनामा लिहून दिला.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. त्या अख्ख्या इमारतीत आमच्यासारखीच बिऱ्हाडं होती. प्रत्येक दारामागं शिकवणीला जाणारं एक मूल आणि त्याला वेळेवर डबा करून देणारी एक आई. मालकीणबाई रेणापूरकडच्या, तळमजल्यावर राहायच्या. कुत्री बघून त्या म्हणाल्या, "ठेवा, पर भुंकायचा आवाज आला न्हाई पायजे. पोरायचा अभ्यास मोडला म्हनून कुनी माझ्याकडं आलं, तर मी तुमची बाजू घेनार न्हाई."

कुत्री अर्धी लॅब्राडोर, अर्धी गल्लीतली. दोन वर्षांची, बावीस किलोची. नांदेडला अंगण होतं, दिवसभर तिची ये-जा चालायची. इथं लेक सकाळी साडेसहाला जायची, एकला जेवायला यायची, तीनला पुन्हा जायची ती आठपर्यंत. तेवढा वेळ मी आणि कुत्री, आणि बंद दार.

दाराला कडी लावून बसणं मला जमत नाही. भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते, आम्ही औशाला राहायचो. आमचं घर पडलं नाही, पण चौकट तिरकी झाली आणि दार अडकलं. बाबा आतून खांदा लावत होते, चुलते बाहेरून ढकलत होते, आणि मी वरून गळणाऱ्या मातीकडं बघत उभी होते. शेवटी खिडकीचे गज वाकवून आम्हाला बाहेर काढलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आसपासच्या गावांत काय झालं ते नंतर कळलं, आणि मग आमच्या अडकलेल्या दाराबद्दल बोलायची मला लाज वाटायला लागली. पण तेव्हापासून जिथं राहिले तिथं दिवसा दार नुसतं लोटून ठेवत आले. इथं ते चालणार नव्हतं. दार लोटलेलं असलं की कुत्री नाकानं उघडायची आणि जिन्यात जाऊन बसायची. म्हणून कडी.

पहिल्या महिन्यात तिनं स्टुलाचा पाय खाल्ला. मग न्हाणीच्या दाराचा कोपरा. मग दिवाळीनंतर एके दिवशी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तेवढ्यात लेकीची रसायनशास्त्राची वही. सहा महिन्यांच्या नोट्स होत्या. लेक जेवायला आली आणि खोलीभर पसरलेल्या चिंध्या बघून दारातच थांबली. मला वाटलं आता ओरडेल. पण ती खाली बसली आणि एकेक तुकडा गोळा करायला लागली.

"मम्मी, तिला मारलंस का?"

"नाही."

"मारू नको. दिवसभर ती करणार तरी काय?"

त्या संध्याकाळी मी लेकीच्या मैत्रिणीकडून वही मागून आणली आणि पुढचे पंधरा दिवस तिच्या नोट्स माझ्या हातानं उतरवल्या. त्यातलं मला काही कळत नव्हतं. लिहिता लिहिता एकच विचार डोक्यात, हिला चावायला काहीतरी दिलं पाहिजे.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आधी सुती दोराची मोठी गाठ आणली. ती दोन दिवस टिकली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या शीमध्ये दोरे दिसले. मग हाडाच्या आकाराचं कडक प्लास्टिकचं आणलं. ते तुटेचना म्हणून मी खूश होते, तर तिच्या हिरडीतून रक्त यायला लागलं. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते हाड हातात घेतलं आणि टेबलावर आपटून दाखवलं.

"हे तुम्ही तुमच्या दातानं चावाल का?" त्या म्हणाल्या. "घेताना नख दाबून बघायचं. नख जरासुद्धा रुतलं नाही तर दात तुटणार. आणि लगेच तुकडा पडेल इतकं मऊही नको, तो पोटात जातो. जाड रबर बघा, दाबलं की चेपतं आणि सोडलं की परत वर येतं ते. तोंडात अख्खं मावेल असं घेऊ नका. पोकळ असलं तर आत खाऊ भरता येतो. तो काढण्यात तिचा वेळ जाईल. मनुके मात्र कधी देऊ नका, कुत्र्यांना बाधतात."

मी दुकानात गेले आणि एकेक खेळणं काढून नख दाबत बसले. दुकानदार बघत होता. "ताई, काय करून राहिलात?" म्हणाला. मी सांगितलं तर त्यानंच खालच्या फळीवरून एक केशरी चेंडू काढून दिला. जाड रबराचा, पोकळ, एका बाजूला अंगठा जाईल एवढं छिद्र. नख रुतलं, दाबला तर परत फुगला, आणि तिच्या तोंडापेक्षा मोठा होता. सगळं जुळलं.

घरी येऊन त्यात भाकरीचा चुरा आणि शेंगदाण्याचा कूट भरला. कुत्रीनं तो लोळवला, पायात धरला, चाटला, चावला. पाऊण तास. तेवढ्या वेळात मी आंघोळ केली, भाजी निवडली आणि पहिल्यांदाच कुणी काही फाडत नाही ना याकडं कान न लावता बसले.

मग त्या चेंडूवरच आमचा दिवस चालायला लागला. सकाळी सातला भरायचा, अकराला भरायचा, चारला भरायचा. दही घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवला की आणखी वेळ टिकतो हे मला कळलं. जिन्यात शेजारच्या दारातली बाई भेटली. तिचा मुलगा लेकीच्याच बॅचला होता. ती म्हणाली, "कुत्री परत पाठवलीत का हो? आवाजच नसतो." मला कुणी शाबासकी द्यावी तसं वाटलं. वर येऊन कडी लावली आणि खुर्चीत बसले, तर जेवणाच्या वेळेपर्यंत मला करण्यासारखं काहीच नव्हतं. फोन करावा तर शाळेतल्या मैत्रिणी तासावर. ह्यांना केला तर "काही विशेष?" असं विचारायचे. विशेष काय असणार? मी म्हणायचे, चेंडू टिकला आहे.

तो दिवस मला नीट आठवतो. सकाळचे अकरा वाजले होते. गोठवलेल्या दह्याचा चेंडू दिला आणि मी वरणाला फोडणी घालत होते. कुत्रीचा आवाज नव्हता, म्हणून मी निश्चिंत होते. बऱ्याच वेळानं न्हाणीतून फरशीवर काहीतरी आपटल्यासारखं ऐकू आलं. जाऊन बघते तर ती कोपऱ्यात उभी, मान खाली, आणि तोंडाला चेंडू लटकलेला. जीभ छिद्रातून आत गेली होती आणि अडकली होती. बाहेर दिसत होती तेवढी जांभळी पडली होती, सुजून छिद्राच्या कडेवर आली होती. ती पंजानं चेंडू ढकलायची आणि त्या धक्क्यानं स्वतःच कळवळायची.

मी चेंडू ओढला. ती अशी किंचाळली की मी हात काढून घेतला. तेल लावून बघितलं, साबण लावून बघितला. आतून काहीतरी जीभ ओढून धरत होतं. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्या लसीकरणाला खेड्यावर गेलेल्या, फोन लागेना. मी तिला उचललं आणि दाराकडं गेले. हात साबणानं बुळबुळीत, एका हातात बावीस किलोची कुत्री, आणि कडी निघेना. दोनदा घसरली. त्या दोन क्षणांत बाबांचा खांदा दारावर आपटल्याचा आवाज कानात आला. मग मी कुत्रीला खाली ठेवलं, पदराला हात पुसले, दोन्ही हातांनी कडी ओढली आणि दार उघडलं.

जिन्यातून तिला घेऊन उतरताना मला वाटेत कोण कोण भेटलं ते सांगता येणार नाही. खाली रस्त्याला लागून एका शटरमध्ये बॅगा दुरुस्त करणारे चाचा बसायचे. पिढ्यान्‌पिढ्या लातूरचेच. त्यांचे आजोबा विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा शिवायचे, आणि आता ते शिकवणीच्या पोरांच्या दप्तरांच्या चेन बसवायचे. मी पूर्वी एकदाच लेकीची बॅग घेऊन गेले होते. त्या दिवशी सरळ कुत्री त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, चेंडू चहूकडून चाचपला.

"ह्याला दुसरीकडून भोकच न्हाई," ते म्हणाले. "चाटून चाटून तिनं आतली हवा ओढून घेतली, आन् आता हवेनंच जीभ धरली. ओढू नका ताई. ओढली तर आनखी आत जाईल. आत हवा जायला पायजे."

"मग काय करायचं?"

"तुम्ही मुंडी धरा. गच्च. माझ्या हाताकडं बघू नका, तिच्याकडं बघा."

त्यांनी दाभण घेतलं, त्याला मेण चोळलं आणि चेंडूच्या मागच्या बाजूला, जिभेपासून लांब, तिरकं टेकवलं. पहिल्यांदा ते वाकलं. रबर चांगलंच जाड होतं, मीच तसं निवडून आणलं होतं. त्यांनी दुसरं, जाडं दाभण काढलं. कुत्री माझ्या छातीशी थरथरत होती. मी तिच्या डोळ्यांकडं बघत होते आणि ती माझ्याकडं. मग बारीक फुस्स असं ऐकू आलं, चाचांनी दाभण फिरवून काढलं, चेंडू हलकेच दाबला आणि तो गळून पडला.

जीभ दुप्पट सुजलेली होती, तोंडात मावत नव्हती. कुत्री दुरुस्तीला आलेल्या बॅगांच्या ढिगावर आडवी झाली. मी तिथंच तिच्याशेजारी बसले आणि मला रडू आलं. थांबवता येईना. रस्त्यावरून पोरं जात होती, बघत होती.

"रडा," चाचा म्हणाले. त्यांनी एक बॅग ओढून घेऊन काम सुरू केलं होतं. "हितं लई आया येऊन रडत्यात. ब्यागची चेन तुटली म्हनून येत्यात, आन् बसून राहत्यात. मी काय इचारत न्हाई."

संध्याकाळी फोन लागला तेव्हा डॉक्टरीणबाई घरी आल्या. औषध दिलं, गार पाणी पाजत राहायला सांगितलं. त्यांनी चेंडू उलटसुलट करून बघितला. "दोन्हीकडून छिद्र हवं, हे मी सांगायला पाहिजे होतं. माझ्याकडून राहिलं," म्हणाल्या. असं कबूल करणारं माणूस मी क्वचितच बघितलं आहे.

लेकीला मी दुपारी जेवतानाच सगळं सांगितलं होतं. ती ताट सरकवून कुत्रीजवळ जाऊन बसली.

"मम्मी, तू किती वेळ एकटी होतीस?"

"अर्धा तास असेल."

"आज नाही विचारत. रोज."

मी तिचं ताट झाकून ठेवलं. ती म्हणाली, "मी आले की तूच का वाढायचं? मला घेता येतं. तू जात जा ना कुठंतरी."

"कुठं जाऊ?"

पण दुसऱ्या दिवसापासून ती आली की मी कुत्रीला घेऊन खाली उतरायला लागले. शिकवण्यांच्या गल्ल्या संपतात तिथं एक मोकळं मैदान होतं, तिथवर जायचं आणि यायचं.

नवं खेळणं घेताना मी घाई केली नाही. घंटेसारखं, काळ्या रबराचं, दोन्ही टोकांना उघडं. दुकानातच त्यात आरपार बोट घालून बघितलं. तरी घरी नेण्याआधी चाचांना दाखवलं. त्यांनी पकडीनं कडा ओढून पाहिल्या, कानाजवळ नेऊन दाबलं. "जोड न्हाई कुठं. एकसंध हाय," म्हणाले. "चालंल." ते लातूर सोडेपर्यंत टिकलं. दर रविवारी मी ते उन्हात धरून चीर पडली आहे का बघायचे. कुत्रीनं मात्र पहिला आठवडाभर त्याला तोंड लावलं नाही. मी स्वतः बोटानं कूट काढून तिला चाटवत होते, तेव्हा कुठं तिची भीती गेली.

बाकी काही बदललं नाही. पुढचं दीड वर्ष त्याच दोन खोल्या, तेच डबे, जिन्यात तीच मार्कांची बोलणी. मैदानावरून परत येताना इमारत दिसली की माझी पावलं आपोआप मंदावायची, कुत्रीचीही. आम्ही दोघी दारापाशी थोड्या थांबायचो आणि मग वर जायचो.

परीक्षेत लेकीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळण्याइतके मार्क पडले नाहीत. तिला आणखी एकदा बसायचं होतं. ह्यांचा फोन आला.

"एक वर्षाचाच प्रश्न आहे. काढशील ना?"

"नाही," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "मग तिचं कसं?"

"ती वसतिगृहात राहील. मी तिला विचारलंय. ती हो म्हणालीय."

विचारलं नव्हतं. फोन ठेवून मग विचारलं. लेक थोडी रडली आणि मग हो म्हणाली.

जूनमध्ये कुत्रीला घेऊन मी नांदेडला परत आले. शाळेत माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या होत्या, त्यामुळे वर्षभर घरीच मुलांचं मराठी घेतलं, पुढं एका लहान शाळेत जागा मिळाली. लेकीनं दुसऱ्यांदा परीक्षा देऊन फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. ती खूश आहे असं म्हणते. मी फार खोदून विचारत नाही. रविवारी तिचा फोन येतो, आधी कुत्रीची चौकशी होते, मग माझी.