निळ्या फाटकापाशी

नवरा नोकरीतून मोकळा झाला आणि दुपारचे चार वाजले की चपला सरकवून बाहेर पडू लागला, तेव्हा बायकोला आधी बरंच वाटलं. उभा जन्म घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेलेला. घरात कसा बसणार? "कुठं गेला होता?" विचारलं की म्हणे, "कुठं नाही, जरा फिरून आलो."

पण एक दिवस मोठी जाऊ भाजी निवडता निवडता म्हणाली, "भावजी फिरत नाहीत गं. फिरणारा माणूस घामेजून घरी येतो. भटकणाऱ्याला परतायची शुद्ध नसते, आणि हे तर सहाच्या ठोक्याला हजर. उंडारायचं वयही राहिलं नाही. परवा मी बघितलं ना, निळ्या फाटकापाशी घुटमळत होते. पुढं जाईनात, मागं येईनात. पुरुष असा घुटमळतो तेव्हा दाराआड कुणीतरी असतं."

"तुमचं आपलं काहीतरीच," बायको म्हणाली खरी, पण मनात काटा रुतला. ती रोज त्याचा सदरा हुंगू लागली. घामाचा वास नव्हता. देवापुढं बसली तरी जप ओठांवर आणि चित्त त्या फाटकावर. त्यात एकदा तो आरशापुढं नीट भांग पाडून निघाला. झालं.

ती पिशवी उचलून मागोमाग निघाली. फाटकापाशी त्यानं कडीला हात लावला, काढला, दोन पावलं मागं सरला, पुन्हा पुढं झाला.

"कोण राहतं इथं?"

तो दचकला. "तू होय? एक म्हातारी राहते."

"म्हातारीसाठी भांग पाडता?"

तो कठड्यावर बसला. "इथं एक कुत्रा होता. हा भाग माझ्याकडं आला, त्या पहिल्याच महिन्यात त्यानं माझी पोटरी फोडली. तेव्हापासून आत गेलोच नाही. दर वेळी मीटरच्या वहीत 'घर बंद' लिहिलं. अकरा वर्षं. ती घरातच असायची गं. कुत्रा कधीच मेला. रोज ठरवतो, आज सांगून टाकू."

इतकी फुसकी गोष्ट कुणी रचणार नाही, असं एक मन म्हणे. रचणारा अशीच रचेल, असं दुसरं. तिनं सरळ फाटक उघडलं आणि दार वाजवलं. तो खालमानेनं मागं आला.

दार वीतभर उघडलं. आतून साखळी होती.

"आज दोघं?" म्हातारी म्हणाली. "दोन महिने खिडकीतून बघतेय. यांच्यापायी दिवसाढवळ्या साखळी लावून बसते मी. कसली टेहळणी चाललीये?"

त्यानं अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे अकरा वर्षं मी घरात नव्हते?"

"तुम्ही होता. मीच आलो नाही."

"आणि मी म्हणायची, इकडं कुणी फिरकत कसं नाही." साखळी निघाली. "बाई, तुम्ही आत या. हे राहू देत जरा उभे."

पण रोज सदरा हुंगणाऱ्या बायकोलाही आत जायला तोंड नव्हतं. ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"दोघंही थांबतो," ती म्हणाली.