कडू घास घेऊन माणच्या फाटकापाशी

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. या पानावर तुम्ही विचारलं होतं, त्या नव्या खासगी वसाहती कशा असतात, जिथं लोक राजीखुशीनं करार करून राहतात, आपले नियम आपणच करतात, ग्रामपंचायतीचं तोंड बघत नाहीत. बघून आलो. पण बघायला म्हणून गेलो नव्हतो.

माझी धाकटी बहीण अनुसया अशाच एका वसाहतीत मुलाकडे राहते, माणच्या पुढे. तिचे मालक पहाटे गेले. आम्हाला गावी, कुरुळीत, कळलं तोवर वसाहतीच्या गाडीनं सगळं उरकलंही होतं. मेहुण्यांना खांदासुद्धा देता आला नाही. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, भावकी-सोयरे कडू घास नेतात. आमच्या बायकांनी घाईघाईनं पिठलं-भाकरी केली. निदान तेवढं तरी वेळेत पोचावं, एवढीच मला धास्ती.

भावकीतली आम्ही सगळी चुलतभाऊ बबनच्या टेम्पोत निघालो, डिझेल आम्ही टाकलं. तुम्ही जाल तर शिफ्ट सुटायची वेळ टाळा. मोशीपर्यंत नुसते कंटेनर, आणि रावेतला पुलाआधी गाडी हलेना. पिठलं उन्हात आंबेल का, ब्रेक नीट लागतात का, मी सारखा विचारत होतो.

"आण्णा, गप बसा राव," बबन म्हणाला. "तुमच्या काळजीनंच इंजान तापतंय."

वसाहतीच्या फाटकावर नांदेडकडचा रखवालदार होता. "कोड सांगा, काका."

"कसला कोड? मयतीला आलोय."

"ते खरं हाय. पण घरच्यांनी मोबाइलवर मंजूर केल्याबिगर सोडलं तर माझी नोकरी जाईल."

आम्ही कळवलंच नव्हतं. दुखवट्याला कोणी परवानगी काढून जातं का?

शेवटी भाचा महेश आला. डोळे सुजलेले. त्याचा तर बापच गेला होता. "मामा, फोन करून यायचं ना. घरी एका वेळी दोघांनाच सोडतात. बाकीच्यांसाठी रविवारी सभागृह घेतलंय."

"दुखवट्याला वार बघत्यात व्हय रे?" बबन भडकला.

"कोणी लादलेलं नाही, मामा. आम्हीच मतं टाकून ठरवलंय. आईनं पण सही केलीय."

मी आणि बबनची बायको शेवंता डबा घेऊन आत गेलो. बाकीची माणसं फाटकाबाहेर फुटपाथवर बसली. आत रस्ते लख्ख, झाडं, कुठं कचऱ्याचा धूर नाही. अनू शेवंताच्या गळ्यात पडली. हंबरडा फुटणार, तोच तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. "खालच्या मजल्यावरनं तक्रार येती," ती पुटपुटली. मग शेवंताही गप झाली. दोघी नुसत्या हलत होत्या.

मी भाकरीचा तुकडा मोडून अनूच्या तोंडात घातला. म्हणालो, "तेरावं झालं की घरी चल. तिथं मोकळी रडशील."

"दादा, ह्यांच्या छातीत कळ आली तवा गाडी लगीच आली. डॉक्टरनं पण लई धडपड केली. कुरुळीत आली असती का गाडी?"

आमच्याकडे ट्रकांच्या रांगेतून ॲम्ब्युलन्स पुढं सरकत नाही.

"पण यायचंय मला," ती म्हणाली. "महेशला इचारते."

स्वतःच्या माहेरी यायला.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. मुकाट उठलो. फाटकाच्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'भेटीबद्दल आभार, पुन्हा या!' शेवंतानं कपाळावर हात मारून घेतला.

तुमच्यातले काही जण तिथं घर घ्यायच्या विचारात आहेत. घ्या. पाणी आहे, गाडी वेळेवर येते, खोटं कशाला सांगू? माझं शिक्षण सातवीपर्यंत, करारातलं मला कळत नाही. पण राजीखुशीनं म्हणतात, तर अनूची खुशी नेमकी कुणी विचारली होती, याचा विचार डोक्यातून जात नाही. मुलाच्या मागं आई सही करणारच. दुसरीकडे जाणार कुठं?

महेशची बायको हे पान वाचते. सूनबाई, अनूला वाचून दाखव. दुखवटा काढायला तिच्यासाठी लुगडं आणून ठेवलंय. तिनं महेशला विचारलं का? तो काय म्हणाला? न्यायला कधी येऊ, तेवढं लवकर कळव. तेरावं होऊन गेलं, तुमच्याकडून अजून निरोप नाही.