काकूंच्या वाट्याची लाँड्री

काकू अध्यक्ष झाल्या तेव्हा त्या जागेवर नव्हत्या. चादरींना इस्त्री करणाऱ्या वाफेच्या रोलरमध्ये चादर अडकली होती, ती सोडवायला गेल्या होत्या. परत आल्या तर सगळे टाळ्या वाजवत होते. काकूंनीही वाजवल्या. कुणासाठी, ते नंतर कळलं.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि एका इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे धुवायला येत. काकू लग्न झाल्या झाल्या रोलरवर उभ्या राहिल्या, त्या घरात सून आली तरी उभ्याच होत्या. मालक थकले होते आणि त्यांच्या मुलाला धुण्याबिण्यात रस नव्हता. जागा विकत घ्यायला एक गृहस्थ आले. त्यांना तिथे पार्किंग करायचं होतं. मालकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग आठवड्याने यंत्रं बंद करून सगळ्यांना बोलावलं.

"लाँड्री तुम्हीच घ्या," ते म्हणाले. "पैसे एकदम नकोत. धंद्यातून फेडा."

"साहेब, तब्येत बरी आहे ना?" काकूंनी विचारलं.

तब्येत बरी होती. हो-नाही करता करता सगळे तयार झाले, कारण नाही म्हटलं तर पार्किंग होणार होतं. वकिलांनी कागद केले. प्रत्येकाला सारखा हिस्सा, सारखं मत. कारभार बघायला एक समिती, आणि तिच्या अध्यक्ष काकू.

"म्हणजे आता तू मालकीण?" नवऱ्याने विचारलं.

"अठरावा हिस्सा."

"कुठला?"

"तसं तोडून दिलेलं नाही हो."

"मला विचारशील तर दाराजवळचा घे. वारा येतो."

पहिली बैठक पंख्यावर झाली आणि बरीच लांबली. पंखा आला. दुसऱ्या बैठकीत बॉयलरवाल्याच्या पगारवाढीचा अर्ज होता. तो स्वतःच समितीत होता. त्याने अर्ज नीट वाचला, यंदा जमणार नाही म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही.

मग सगळ्यात मोठ्या हॉटेलने स्वतःची यंत्रं घेतली. काम एकदम निम्म्यावर आलं.

"चार माणसं जास्त होतायत," हिशेबनीस म्हणाले.

 सगळ्यांची नजर घड्या घालणाऱ्या बाईंकडे गेली. त्यांची बोटं सुजायची, काम सावकाश व्हायचं. त्या टॉवेलची घडी घालत राहिल्या. काकूंनीही तिकडेच पाहिलं होतं.

"मला पटकन तिचंच नाव सुचलं," घरी जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माणसं काढताना साहेबांनाही असंच सुचत असेल. मी त्यांना इतकी वर्षं मनातल्या मनात काय काय बोलले."

"मग आता करणार काय?"

"ते विचारत नाहीये. नुसतं सांगतेय."

दुसऱ्या दिवशी त्या बैठकीत उभ्या राहिल्या. "कुणाला काढायचं ते मला सांगता येईल, पण मी सांगणार नाही. सगळ्यांचेच तास कमी करू, पगारही. माझ्यापासून सुरुवात करा."

"माझी दोन पोरं शिकतायत," ड्रायव्हर म्हणाला.

"माहीत आहे."

"नुसतं माहीत असून काय उपयोग?"

 मतं घेतली, थोडक्या मतांनी ठराव मंजूर झाला. ड्रायव्हरने विरोधात हात वर केला होता. दुसऱ्या दिवसापासून, पगार कमी झाल्याच्या रागात, तो गाडी घेऊन वसतिगृहं, दवाखाने आणि व्यायामशाळा पालथी घालू लागला. दातांच्या एका डॉक्टरकडे तो इतक्या वेळा गेला की त्यांनी आधी त्याची दाढ तपासली आणि मग कपडे दिले. हळूहळू काम वाढलं. पगार पहिल्याइतका झाला नाही, पण जवळपास आला. घड्यांच्या बाई अजून सावकाशच करतात. ढीग साचला की कुणीतरी कुरकुरत उठतं आणि हात लावतं.

परवा जुने मालक घरचे पडदे घेऊन आले.

"काही सवलत वगैरे?" त्यांनी विचारलं.

"बैठकीत ठेवावं लागेल, साहेब."

"ठेवा की."

सवलत नामंजूर झाली. विरोधात काकूही होत्या. पडदे मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू न देता स्वतः रोलरवर घातले. एकाही पडद्याला सुरकुती नव्हती. मालकांनी पावती उलटसुलट पाहिली आणि पूर्ण पैसे दिले.

"बरं चाललंय म्हणायचं," ते म्हणाले.

"चाललंय," काकू म्हणाल्या आणि पुढची चादर घेतली.