लाल गोल केलेलं पान

त्याने मला नकार पाठवला तो फोटोत. बी.एड. कॉलेजात मधली सुट्टी होती. डबा उघडा, शेजारी मैत्रीण. मोबाइलवर जुन्या वहीचं एक पान आलं. पानावर माझ्या आजोबांचं नाव, गाव, पुढे आमची जात. जातीभोवती लाल गोल काढलेला. खाली दोन ओळी: ‘घरवाले मानणार नाहीत. आता कॉल नको करू, प्लीज.’

दोन वर्षांचं प्रेम. एवढ्यात उरकलं.

तो काशीतल्या बालाजी घाटाजवळच्या मराठी उपाध्यांचा मुलगा. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या नावनोंदीच्या वह्या त्यांच्या घरी असतात, गावागावाच्या, पिढ्यान् पिढ्यांच्या. माझे बाबा रेल्वेत, बदली होऊन इथे आलेले. आजोबा कधीकाळी पणजीच्या अस्थी घेऊन काशीला आले होते, असं घरात ऐकलेलं. मीच मूर्ख! मीच हौसेने त्याला गाव सांगितलं, ‘शोध ना आमचं नाव.’ त्याने शोधलं.

आणि मी उत्तर काय दिलं? ‘सॉरी.’ कसलं सॉरी? कुणाचं काय केलं होतं मी? मैत्रीण म्हणाली, ‘क्या हुआ?’ ‘कुछ नहीं,’ म्हणत मी मोबाइल पालथा ठेवला. डबा तसाच बंद केला. त्या एका शब्दाची आजही इतकी लाज वाटते की कुठे तोंड लपवू असं होतं.

चार दिवस बाबांच्या नजरेला नजर दिली नाही. मग स्वतःचाच संताप आला. मी लपवत काय होते? त्यांच्याच बापाचं नाव?

पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेले. त्याचे वडील बैठकीत होते. मला कधी पाहिलेलं नव्हतं. ‘ये बेटी, बस. गाव कोणतं?’ मी सांगितलं. त्यांनी वही काढली, पान उघडलं. घराण्यातलं कुणी आलं की जुन्या नावाखाली आपलं नाव लिहून सही करतं, ही त्यांचीच रीत. त्यांनी पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मुलाची ती मुलगी हीच, हे ओळखलं. पुढे केलेलं पेन मागे घेतलं.

‘सहीचं राहू द्या.’

मी पर्समधून माझं पेन काढलं. आजोबांच्या खाली माझं नाव लिहिलं, जातीसकट.

तो आतल्या दारात उभा होता.

‘मेसेज मिळाला,’ मी म्हटलं. ‘आता तोंडाने म्हण.’

तो वडिलांकडे बघत राहिला.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं, ते सॉरीसुद्धा. सांगताना मी रडले.

ज्याला मी नको, त्याने समोर येऊन म्हणावं. ऐकून घेईन. माझ्या जन्माची माफी मात्र पुन्हा कुणाकडे मागणार नाही.