नानांच्या वाट्याचं आइस्क्रीम

“तू आईला विचारलंस का?”

“विचारलं.”

“मग काय म्हणाली?”

“काही नाही म्हणाली.”

“काही म्हणालीच नाही, तर ते विचारणं नव्हे, नीलेश. ते सांगणं झालं.”

“रूपाताई, उद्या सकाळी गाडी दारात येईल. पुण्यात खोली तयार आहे. चारुलतानं पडदेसुद्धा लावलेत. आता ऐन आखाजीला तू नवा फाटा फोडू नकोस.”

“पडदे लावले? बायकोला सांग, सासू येतेय, खिडकी नाही.”

हे सगळं बेबाबाईच्या डोक्यावरून चाललं होतं. ती खाली पाटावर बसून शेगडीवरचं दूध ढवळत होती आणि तिची दोन्ही लेकरं तिच्या दोन बाजूंना उभी राहून भांडत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तशी रूपा काल शिंदखेड्याहून आली होती. नीलेश आला होता बापाच्या नावानं पितरांची पहिली घागर भरायला. निंबाभाऊ, म्हणजे पोरांचे नाना, थंडीत गेले. उद्या रावेरजवळच्या या घराला कुलूप लागावं आणि आईनं पुण्याला यावं, असं नीलेशनं ठरवलं होतं. लागू नये, असं रूपाचं म्हणणं होतं. आणि बेबाबाईचं म्हणणं काय, ते खुद्द बेबाबाईलाच ठाऊक नव्हतं. मधूनमधून ती स्वतःच्या आत डोकावून बघे. रिकाम्या कणगीत डोकावावं तसं. आत काही नव्हतं.

दूध वर आलं. तिनं शेगडी बारीक केली.

“आई, तू सांग ना याला,” रूपा म्हणाली.

“काय सांगू?”

“बघ,” नीलेश म्हणाला. “तिची काही हरकत नाही.”

बेबाबाईचं माहेर बोदवडचं. स्टेशनाजवळ घर, आईबापाच्या पोटी सगळ्या मुलीच, बोलायला हिची पाळीच यायची नाही. ही सगळ्यांत धाकटी. लग्न होऊन निंबाभाऊंच्या घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपल्यालाही बोलावं लागणार. पण निंबाभाऊ असा माणूस, की पाहुण्यानं “रामराम” म्हणायच्या आत त्याला मागच्या पावसाळ्यापासूनची हकिगत ऐकवावी. थोडीशी केळीची बाग, आणि हंगामात पॅकिंगच्या शेडवर मुकादमी. ट्रक भरता भरता ड्रायव्हर, हमाल, व्यापारी सगळे त्यांच्या गोष्टीत अडकायचे. संसारातलं बोलण्याचं सगळं ओझं त्यांनी एकट्यानं उचललं. बेबाबाईनं उरलेलं उचललं. तिला त्यात कमी-जास्त काही वाटलं नाही. घरात विहीर असल्यावर नदीवर कोण जातं.

आणि आइस्क्रीमचं पॉट. ते निंबाभाऊंनी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून आणलं होतं, बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून. सागाच्या फळ्यांची बादली, तिच्या पोटात उभा डबा, डब्यात फिरकी आणि वर लोखंडी हँडल. डब्यात दूध आणि फळाचा रस. डबा आणि बादली यांच्या मधल्या जागेत बर्फ आणि खडेमीठ ठासून भरायचं, आणि मग हँडल मारत बसायचं. दर आखाजीला दुपारी ओट्यावर पॉट लागायचं. आंब्याचंच. केळीचं कर म्हटलं की निंबाभाऊ हात जोडायचे. “दिवसभर तिचंच तोंड पाहतो, आता ताटातबी तीच का?”

हँडल ते मारायचे आणि गोष्टही तेच सांगायचे, की त्या भुसावळच्या साहेबाची बायको पॉट देताना कशी रडली. दर वर्षी ती थोडी जास्त रडायची. बेबाबाई बाजूला बसून गोणपाटात बर्फ फोडायची आणि हातात एक तुराटी ठेवायची, तुरीची वाळकी काडी. बादलीला वरच्या अंगाला एक भोक असतं. वितळलेलं खारं पाणी तिथून बाहेर पडलं पाहिजे. बर्फाचा खडा येऊन ते बुजलं, तर पाणी आतल्या डब्याच्या झाकणावर चढतं आणि सगळं दूध खारट होतं. म्हणून अधूनमधून ती तुराटी घालून भोक मोकळं करायची. गावात त्याला निंबाभाऊचं आइस्क्रीम म्हणत. बेबाबाईही तेच म्हणे.

थंडीत एके दिवशी शेडवर, केळीच्या खोक्यांवर बसून चहा पिता पिता निंबाभाऊ कलंडले. नथ्थू म्हणून एक हमाल सांगायला धावत आला. बेबाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चहा पिऊन झालता का त्यायचा?”

हा प्रश्न सुंदरबाईनं, म्हणजे निंबाभाऊंच्या थोरल्या बहिणीनं, पुढे साऱ्या गावाला ऐकवला. सुंदरबाईला पोरं फुई म्हणतात. फुई दहाव्यापर्यंत घरात होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईसमोर बेबाबाईला कोपरानं ढोसत होती. “रड व माय. मोकळी हो. अशी दगडावानी काब्रं बसली?” बेबाबाईनं प्रयत्न केला नाही असं नाही. पदर तोंडाला लावून पाहिला. पदराला जिऱ्याच्या फोडणीचा वास येत होता. बाकी काही आलं नाही.

तेव्हापासून ती उठते, झाडते, स्वयंपाक करते, झोपते. कुणी बोलावलं तर जाते. तुळशीला पाणी घालते. बस.

“पॉट काढायचं,” आता रूपा म्हणत होती.

“वेड लागलंय का? वर्ष झालं नाही अजून. दारात आइस्क्रीम फिरवत बसलो तर लोक शेण घालतील तोंडात.”

“नानांच्या नावानं आगारी टाकायची ना आज? निखाऱ्यावर त्यांच्या आवडीचा घास टाकायचा ना? मग त्यांना दुसरं काय आवडत व्हतं, सांग बरं. काय शे तुझ्याकडे, पुण्याचं सॅलड?”

“शे शे करायला लागली. पक्की शिंदखेड्याची झाली.”

“झाली. तू कुठला झालास ते बघ आधी.”

फुई देवघराच्या खोलीतून बोलली. तिनं तिथं पाटावर लाल मातीची नवी घागर मांडली होती, पाण्यानं भरलेली, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी दोन आंबे. “कर व रूपा. माह्या भावाले आवडे. पन चाखायचं नही कोनी. आंबा आहे त्यात. आगारी पडेलोग आंब्याले जीभ लावायची नही, सांगून ठेवते.”

“फुई, हा पुण्यात मार्चपासून हापूस खातो,” रूपा म्हणाली.

“मिल्कशेक होता. एकदाच.”

“मिल्कशेकचं पाप निम्मं लागतं का हो फुई?”

फुईनं घागरीवरचं डांगर सारखं केलं. तिच्या घरात नवरा गेल्यापासून इतकी वर्षं पितरांच्या आधी कुणी आंबा खाल्ला नव्हता, आणि या घरातही नाही. बेबाबाईनंसुद्धा आंब्याचं दूध कधी चाखून पाहिलेलं नाही. साखर अंदाजानं. आजही तिनं अंदाजानंच घातली.

पॉट ओट्यावर ऊन होतं म्हणून आतल्या दारात, देवघराच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलं. नीलेश हँडलला बसला. रूपा वरून पॉट दाबून धरून. बेबाबाई समोर गोणपाट घेऊन. बर्फाची लादी फुटली, मीठ पडलं, हँडल घरघरू लागलं, आणि त्याच्याबरोबर भांडणही.

“इथं ती एकटी काय करणार?”

“जे करत होती ते.”

“आणि आजारी पडली तर?”

“शिंदखेडा काही लंकेत नाही.”

“तू नेशील का तुझ्याकडे? बोल. सासूला विचारलंस?”

“मी न्यायचं म्हणतच नाही. मी म्हणते तिला राहू दे.”

“राहू दे म्हणायला काय जातं.”

“न्यायला तरी काय जातं? गाडी तुझी, डिझेल तुझं. तिचं काय जातं ते विचार की.”

भोकातून खाऱ्या पाण्याची धार सुरू झाली. जुन्या फरशीला उतार होता, तो नेमका देवघराकडे. धार उंबऱ्याच्या फटीतून आत शिरली आणि पाटाच्या रोखानं निघाली.

“आरे नीलेश,” फुई आतून म्हणाली, “खारं पानी घागरीकडे चाललं. पितरायच्या पान्याले मीठ लागू देतं का कोनी? अडव ते.”

नीलेशनं इकडंतिकडं पाहिलं, पॉटवर बांधून ठेवलेल्या फडक्याची चिंधी फाडली, बोळा केला आणि भोकात घट्ट बसवला. धार थांबली.

बेबाबाईनं ते पाहिलं. तिच्या समोरच होतं. तुराटी नव्हती, पण बोट होतं. बोटही लागलं नसतं. ‘बोळा’, एवढा एक शब्द लागत होता.

तिनं बर्फाचा पुढचा तुकडा गोणपाटात घेतला आणि बत्ता हाणला.

पाणी वर येऊ लागलं. आधी बर्फाचे खडे सुटे होऊन तरंगले. मग पाणी डब्याच्या गळ्याशी आलं. मग झाकणाच्या कडेशी. मग झाकणावर आलं आणि हँडलच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर इकडून तिकडं हेलकावे खाऊ लागलं. बेबाबाई पाहत होती. कुणा दुसऱ्याच्या घरात पाहावं तशी. तिला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. कळत मात्र सगळं होतं.

“जड व्हायला लागलं,” नीलेश म्हणाला.

“मग येतंय घट्ट. सरक, मी मारते.”

“दमशील.”

“तुझ्याशी बोलून दमले त्यापेक्षा कमीच.”

दोघं हसली. हँडलवर दोघांचे हात एकमेकांत आले, तेवढा वेळ भांडण थांबलं.

आगारीला गोवऱ्यांचे निखारे पडले. नीलेशनं तूप सोडलं, जाळ उठला. पुरणपोळीचा तुकडा टाकला, आमरस टाकला, कुरडई टाकली. शेवटी रूपानं वाटीतून चमचाभर आइस्क्रीम पुढं केलं. ते निखाऱ्यावर पडलं आणि चर्र झालं. निखारा काळा पडला, पांढरा धूर उठून सरळ वर गेला.

“घेतलं,” फुई म्हणाली. “घेतलं माह्या भावानं.”

रूपा रडू लागली. नीलेशनं बाहीनं नाक पुसलं. फुईनं बेबाबाईकडं पाहिलं, मोठ्या आशेनं. बेबाबाईला जळलेल्या दुधाचा वास येत होता. पातेलं घासताना येतो तोच.

मग वाट्या भरल्या. पहिला चमचा फुईचा. तिनं तो तोंडात घातला आणि तशीच बसली, गिळावं की थुंकावं असा चेहरा करून.

“काय झालं?” म्हणत रूपानं खाल्लं. “मीठ आहे.”

नीलेशनं पॉटमध्ये वाकून पाहिलं. भोकातून बोळा ओढला, तसं कोंडलेलं पाणी भसकन त्याच्या पायावर आलं.

“तूच कोंबला होतास,” रूपा म्हणाली.

“फुईनं सांगितलं.”

“मी भोक बुजव म्हटलं व्हतं का? मी पानी अडव म्हटलं.” फुईचा आवाज बारीक झाला. “खारट घास गेला भावाच्या तोंडात. पहिल्या आखाजीले.”

“चाखू दिलं असतं तर कळलं असतं,” नीलेश म्हणाला. आणि मग तो आईकडे वळला. “आई, तू समोर बसली होतीस. तुला दिसलं नाही?”

“दिसलं व्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलत व्हते,” बेबाबाई म्हणाली.

मग नीलेश हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बघितलंस ताई? यासाठी म्हणतो मी. डोळ्यांदेखत पाणी चढलं आणि ही गप्प. उद्या गॅस सुरू राहिला तरी अशीच बसेल.”

“गॅस तिनं सकाळपासून चारदा बंद केला. तू एकदा तरी उठलास का?”

“मी गॅसबद्दल बोलत नाहीये.”

“मी पण नाही. ती बसलीये इथं आणि तू तिच्याबद्दल माझ्याशी बोलतोयस.”

“तूही तेच करतेस.”

रूपानं वाटी खाली ठेवली. ते खरं होतं.

बेबाबाई एवढ्यात तिच्या वाटीतलं खात होती. वाढलेलं टाकायचं नाही, म्हणून. आंबा होता, साखर होती, त्यांच्यावर मीठ होतं. गार इतकं, की मागचे दात शिवशिवले. ती थांबली. शिवशिव ओसरेपर्यंत जीभ दातांवर धरून बसली. मग पुढचा चमचा घेतला आणि मुद्दाम त्याच बाजूला सरकवला. पुन्हा शिवशिवलं.

नीलेश तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. पँट घोट्यापर्यंत खाऱ्या पाण्यानं भिजलेली. बापासारखा दिसत नव्हता, पण बसला होता बापासारखा, टाचा उचलून.

“आई,” तो म्हणाला, “चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो. तू येतेस पुण्याला, का राहतेस इथं? जे म्हणशील ते. मी रागावणार नाही. गाडीला नको म्हणून सांगेन लगेच.”

रूपा दाराला टेकून उभी राहिली. “घाई नाही, आई. पण तूच सांग.”

“बोल व माय,” फुई म्हणाली. या वेळी ढोसलं नाही. “बोल. पोरगं विचारतं.”

तिघं तिच्या तोंडाकडं बघत होती. तिनं आत डोकावून पाहिलं. इतका वेळ तिथं निदान त्यांचे आवाज घुमत होते. आता तेही थांबले होते आणि आतली रिकामी जागा आणखी मोठी झाली होती. या जागी निंबाभाऊंनी काय सांगितलं असतं, असं तिला वाटून गेलं. त्यांनी भुसावळपासून सुरुवात केली असती. दोघांनाही हसवलं असतं, आणि हसता हसता पोरांना कळलंच नसतं, की उत्तर दिलं की नाही.

“आई?”

वाटी पुसून घेतल्यासारखी स्वच्छ झाली होती. ती तिनं फरशीवर ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठली, नीलेशच्या खांद्याला वळसा घालून निघाली. ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत ती दारापर्यंत गेली. चपला घातल्या. बाहेर ऊन रखरखत होतं, आणि गल्लीत कुठंतरी झोक्यावरच्या पोरी गाणं म्हणत होत्या.

“कठी चालली, बेबा? उन्हाचं?” फुईनं विचारलं.

बेबाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून ती गल्लीला लागली. कुणी बोलावलेलं नव्हतं.