टक्कल पडू लागलेला मुलगा

मावसबहिणीच्या लग्नासाठी आम्ही वरणगावहून दोंडाईच्याला गेलो, तेव्हा तिथे मला एक मुलगा दाखवायचं घरच्यांनी ठरवलं होतं. नवरदेवाचा मित्र, धुळ्यात इंजिनिअर, उंच, गोरापान.

वरात निघाली. तो मुलगा खरंच देखणा होता, त्यात वाद नाही. पण तो गॉगल लावून बाजूला उभा होता आणि सारखा मोबाइलमध्ये स्वतःचे केस पाहत होता. मी समोरून गेले, तर "हाय" म्हणाला आणि पुन्हा केस सारखे करू लागला.

तेवढ्यात बँडवाल्यांनी चाल बदलली आणि माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. नवरदेवाचा चुलतभाऊ आपल्या म्हाताऱ्या आत्याचे दोन्ही हात धरून नाचत होता. कपाळावरचे केस मागे सरकलेले, शर्ट घामाने चिंब. बाकीची पोरं उड्या मारत होती. हा मात्र आत्याच्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल तेवढंच डुलत होता. गर्दी अंगावर आली की आपली पाठ मध्ये घालून तिला आडोसा करत होता. मी बघतच राहिले. आत्याच्या ते लक्षात आलं.

"काय देखी ऱ्हायनी व माय? ये ना नाचाले," ती म्हणाली.

मी गेले. तो ओशाळून म्हणाला, "मला नाचता येत नाही. आत्या हलवते तसा हलतो."

परतीच्या गाडीत आईने विचारलं, "मग, आवडला का?"

"आवडला. पण तो गॉगलवाला नाही. आत्याबरोबर नाचणारा."

"अगं, टक्कल पडतंय त्याला."

पुढच्या सीटवर बसलेल्या वडिलांनी स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "मग काय झालं?" ते म्हणाले. आईला हसू आवरेना आणि तिथेच अर्धं काम झालं.

त्याचं शिंदखेड्याला शेतीच्या पंपांचं दुकान होतं. दोन्हीकडची माणसं भेटली आणि आमचं लग्न झालं. काही महिन्यांनी मी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माझ्यात काय आवडलं होतं?"

"पंगतीत बाकीच्या मुली नको-नको करत होत्या. तू वाढप्याला थांबवून वांग्याची भाजी पुन्हा मागितलीस. बट्टी चुरून अशी जेवलीस, की वाटलं, हिच्यासोबत घरात मजा येईल."

मी थोडी हिरमुसले. "आणि माझे डोळे?"

तो विचार करून म्हणाला, "ते दिसले नाहीत. जेवताना मिटलेले होते."