देवमन मिस्त्री आणि सभापतींची तिरपी मोटार

देवमन मिस्त्रीच्या गॅरेजला दार नव्हतं, पण नियम होता. ज्याची मोटार, त्यानं मिस्त्रीबरोबर गाडीखाली शिरायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. मगच तिला काय झालंय ते देवमन सांगणार.

अकोल्यात मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरलं की थोड्याच अंतरावर एक निंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत टिनाचं छप्पर, छपराखाली हे गॅरेज आणि मागच्या बाजूला मिस्त्रीचं घर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देवमन फौजेच्या वर्कशॉपात होता. तिथं त्यानं काय काय दुरुस्त केलं, हे ऐकणाऱ्याच्या सवडीवर ठरायचं. घाईतल्या गिऱ्हाइकाला तो ट्रक सांगायचा, निवांत बसलेल्याला रणगाडे. एका कापसाच्या दलालाला तर त्यानं विमानापर्यंत नेलं होतं.

छप्पन साली तो बायकोला घेऊन नागपूरला गेला, बौद्ध होऊन आला आणि आल्याबरोबर मालक लोकांसाठी ठेवलेली खुर्ची त्यानं उचलून घरात नेली. तिच्या जागी एक पोतं अंथरलं. नियम तेव्हापासूनचा.

"गाडीखाली सारे सारखेच दिसतात," तो म्हणायचा. "वरून तेल टपकते, थे जात इचारून टपकत नाही."

काही मालक रागावून स्टेशनाकडच्या गॅरेजात गेले. त्यातले बरेच परत आले, कारण देवमनच्या हातात खरंच गुण होता. अडचण एवढीच, की निदान त्याच्या हातात येण्याआधी तोंडात यायचं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात सभापतींची मोटार त्याच्याकडे आली. तेल्हाऱ्याकडचे खुशालराव पाटील. पंचायत समित्या निघाल्या आणि एका समितीचे ते सभापती झाले. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून बोलतात. सभापती म्हटल्यावर मोटार हवी. खुशालरावांनी कापसाच्या एका जिनवाल्याची जुनी विलायती मोटार घेतली होती. मोटार लांबलचक, काळीभोर, आणि सरळ रस्त्यावर सोडली की डावीकडे निघणारी.

मोटार घेऊन ड्रायव्हर मोतीराम एकटाच आला. हा मोतीराम भला माणूस, पण विचारल्याशिवाय बोलायचा नाही आणि विचारलं तरी निम्मंच बोलायचा.

"डावीकडे ओढते," तो म्हणाला.

"किंगपिन," देवमन म्हणाला. अजून तो गाडीजवळ गेलाही नव्हता, आणि मालक आलेला नाही हेही त्या घाईत राहून गेलं.

"पाहून त घ्या."

"पाहाचं काय त्याच्यात? चाक उचल, वरून खालून हालव, खडखड वाजते का नाही पाह्य."

चाक उचललं, हलवलं, खडखडलं. देवमननं आजूबाजूला पाहिलं. समोरचा शिंपी, पानठेलेवाला आणि उगाच थांबलेले दोघे-चौघे यांनी माना डोलावल्या. पुढची चाकं ज्या खुंट्यांवर वळतात त्या किंगपिन नव्या बसल्या, त्यांचे बुश बसले. मोतीराम गाडी घेऊन गेला आणि आठवड्यानं परत आला. डाव्या चाकाचं टायर आतल्या अंगानं खरवडल्यासारखं झिजलं होतं.

देवमननं टायरं डावी-उजवी बदलून पाहिली. ओढ डावीकडेच. मग डाव्या बाजूचा कमानपाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, दबून बसलाय असं त्यानं जाहीर केलं. तो थोडा बसलाही होता. नवा पाटा चढला. मोतीराम गेला आणि परत आला. पुढं ब्रेक धरतोय असं जाहीर झालं, मग बेरिंग. दर वेळी काहीतरी थोडंफार खराब निघायचंच, कारण गाडीच तितकी जुनी होती. आणि दर वेळी मोतीराम गुमान चावी देऊन झाडाखाली बिडी ओढत बसायचा.

आता शिंपी विचारू लागला, "काहो मिस्त्री, रणगाडे बी असेच डावीकडे जात व्हते का?"

त्या दिवशी देवमन पहिल्यांदाच जेवण अर्धं टाकून उठला.

निदान झालं ते दुसऱ्याच कारणानं. देवमनची बायको पंचफुला सकाळी अंगण सारवून, झाडापर्यंतची सगळी जागा सडा टाकून ओली करायची. त्या दिवशी मोतीरामनं गाडी नेमकी त्या ओल्या जागेवरून सरळ बाहेर काढली. पंचफुला झाडू घेऊनच बाहेर आली.

"आंधळे झाले का रे दोघंबी? एक मोटार जाते त दोन चाकोऱ्या पडते. इथी चार पाडल्या! किती डाव मांगं-पुढं केली माह्या अंगणातून?"

"एकदाच काढली बाई," मोतीराम म्हणाला.

"एकदा काढून चार कशा पडतीन?"

देवमन चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली बसला, जवळजवळ लोळलाच. पुढच्या चाकांच्या दोन खुणा वेगळ्या, मागच्या चाकांच्या वेगळ्या, दोन बोटं शेजारून गेलेल्या. पुढची चाकं ज्या वाटेनं गेली, त्या वाटेनं मागची गेलीच नव्हती.

"आन थे गाडी परत!" तो ओरडला.

त्यानं गाडी सपाट जागेवर उभी केली. खाली शिरून चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, ठरावीक चार ठिकाणांहून गवंड्याचा ओळंबा सोडला आणि जिथं टोक टेकलं तिथं खडूनं फुली केली. गाडी ढकलून बाजूला नेली. जमिनीवर चार फुल्या राहिल्या. एका फुलीपासून समोरच्या तिरक्या फुलीपर्यंत त्यानं दोरी ताणली, गाठ मारली आणि तीच दोरी दुसऱ्या दोन फुल्यांवर धरली. तंतोतंत पुरायला हवी होती, पुरली नाही. चेसिसचं डावं अंग मागं सरकलं होतं. त्याच्याबरोबर डावं चाकही मागं गेलं होतं, आणि म्हणून किंगपिन बदला की पाटा, गाडी डावीकडेच जाणार.

संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं, की देवमन मिस्त्रीनं निव्वळ बुद्धीच्या जोरावर रोग धरला. अंगणाचा उल्लेख त्यात नव्हता. पंचफुला आतून शेणाची पाटी घेऊन आली. तिला अंगण पुन्हा सारवायचं होतं.

मोतीरामबरोबर निरोप गेला, "रोग सापडला. मालकाले पाठवा."

एरवी खुशालराव आले नसते. पण पुढच्या आठवड्यात मंत्रीसाहेबांचा दौरा होता आणि साहेबांना याच मोटारीतून फिरवायचं होतं. ते आले. पांढरंशुभ्र धोतर, वर कोट, बरोबर मेहुणे पंजाबराव. पंजाबराव समितीची कामं घ्यायचे आणि मेहुण्यामुळे त्यांना ती शोधत फिरावं लागत नसे. पंचफुलानं चहा पाठवला. खुशालरावांनी कपाला हात न लावता पित्ताची तक्रार सांगितली. जुन्या शहरात आलं की त्यांना नेमकं पित्त व्हायचं.

देवमननं पोत्याकडे बोट केलं.

"मी?" खुशालराव म्हणाले.

"गाडी तुमचीच न?"

समोर शिंप्यानं मशीन थांबवलं होतं. माघार घेणं बरं दिसलं नसतं. सभापतींनी कोट काढला, धोतर आवरलं आणि ते पाठीवर सरकत आत गेले. एकाच पोत्यावर शेजारी देवमन.

"हे गाडीचं हाडूक. चेशी म्हणतेत इले. हा डावा अंग पाहा, कसा चेमटून मांगं गेला. गाडीचं तोंड अकोल्याले अन् ढुंगण अकोटले."

"जुनी मोड असंन. त्या जिनवाल्यानं फसवलं मले," खुशालराव म्हणाले. जिनवाला मागच्या पावसाळ्यात वारला होता, त्यामुळे त्याच्याकडून उलट उत्तराची भीती नव्हती.

"जुनी काहून? जुन्या मोडीले गंज चढते. इथी रंग उडाला थे लोखंड अजून चमकून राहिलं." देवमननं पेचकसानं त्या घडीत खरवडलं. राखाडी ढेकूळ हातात आलं. त्यानं ते बोटांत दाबलं, त्याचा भुगा झाला आणि सभापतींच्या मिशीवर पडला. "सिमेंट दिसते. पन याच्यात त निरी रेतीच हाये! असा माल कोनं वापरला बाप्पा? कोन्त्या पुलावर आदळली होती हो गाडी?"

खुशालरावांनी मिशी पुसली. गाडीच्या कडेला पंजाबरावांचे बूट दिसत होते. ते बूट हळूहळू मागं सरकले.

झालं होतं असं. मागच्या दिवाळीनंतर सभापतींच्या गावाजवळच्या नाल्यावर पंजाबरावांनी पूल बांधला. उद्घाटन झालं, फीत कापली आणि पहिली मोटार अर्थातच सभापतींची निघाली. मध्यावर आल्यावर पुलाची डावी कड खचली आणि चाक खाली बसलं. बँडवाल्यांना कोणी थांबा म्हटलं नाही, म्हणून ते वाजवतच राहिले. गावकऱ्यांनी मोटार उचलून काढली, कडेवर माती लोटली, आणि खुशालरावांनी तिथंच सांगितलं, की पुलाला काही झालेलं नाही. पुलाला काही झालं नाही, तर मोटारीलाही काही झालेलं नसणार. मोतीरामला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि ते त्याला फारसं अवघड नव्हतं.

गाडीखालून निघून धोतर झटकल्यावर खुशालरावांचा आवाज एकदम मऊ झाला.

"देवमनजी, मोड जुनीच हाये, असं तुमी चार लोकांत म्हना. जिल्हा परिषदेच्या जिपा लागतेच न दुरुस्तीले. साऱ्या तुमच्याकडे येतीन."

देवमननं पेचकस पोत्याला पुसायला घेतला. पुसून झाला तरी तो पुसतच राहिला. रांगेत उभ्या जिपा त्याला दिसल्या असणार, वर रंगवलेली पाटीही दिसली असणार. पण दिसलेली गोष्ट पोटात ठेवायची त्याला सवयच नव्हती.

"जमत नाही न भाऊ," तो जवळजवळ दुःखानं म्हणाला. "गंज नाही त नाही. मी कोठून आनू?"

मोटार स्टेशनाकडच्या दुसऱ्या गॅरेजात गेली. तिथल्या मिस्त्रीनं स्टीअरिंगचं चाक काढून थोडं फिरवून बसवलं. आता गाडी चालताना स्टीअरिंग सरळ दिसू लागलं. गाडी तिरपीच चालायची, पण आत बसलेल्याला ते कळत नसे, आणि खुशालरावांना तेवढंच पाहिजे होतं.

मंत्रीसाहेब आले. हार झाले, भाषणं झाली, आणि नवा पूल दाखवायला सभापती त्यांना मोटारीतून घेऊन निघाले. मोतीरामनं जपून पुढची चाकं चांगल्या भागावरून नेली. पण मागची चाकं आपल्या वाटेनं चालली होती. मागचं डावं चाक त्याच मातीनं लोटलेल्या कडेवर गेलं आणि कड खाली गेली. मोटार मागं कलली, नाक वर झालं. कोणाला लागलं नाही. साहेबांना दोन माणसांनी हात धरून वरच्या दारातून काढलं तेव्हा त्यांच्या गळ्यातला हार मात्र आतच अडकला.

चौकशी बसली. पूल नवा, म्हणजे दोष पुलाचा नाही. मोटार सभापतींची, म्हणजे मोटारीचाही नाही. उरला मोतीराम. नोकरी जाणार आणि लायसनही जाणार, असं बोललं जाऊ लागलं.

मोतीराम गॅरेजात आला आणि उभ्या आयुष्यात बोलला नसेल एवढं एका दमात बोलला. पूल, उद्घाटन, बँड, सगळं.

"म्हंजे तुले मालूम व्हतं?" देवमन उसळला. "मालूम असून मले किंगपिन बदलवू देल्या?"

"लेकरं हायेत, मिस्त्री."

देवमन पाना आपटून आत गेला. पंचफुला भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"जा न मंग," ती म्हणाली. "इथी कायले आपटता?"

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चौकशीचे साहेब बसले होते. अमरावतीहून आलेले इंजिनियर, स्थूल, कंबरेला पट्टा बांधलेला. देवमननं बरोबर आणलेलं पोतं अंगणात उभ्या मोटारीशी टाकलं आणि आपला नियम सांगितला. साहेबांनी खाली पोत्याकडे पाहिलं, मग आपल्या कंबरेकडे.

"मला वाकता येत नाही हो," ते म्हणाले. "इथूनच सांगा, नाहीतर राहू द्या."

खुशालराव बाजूला बसले होते. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला. देवमन सात-आठ वर्षांत कोणासाठी वाकला नव्हता आणि उभ्या मालकाला निदान त्यानं कलेक्टरच्या मोटारीचंही सांगितलं नव्हतं. तो मागं वळला. पायऱ्यांशी मोतीराम टोपी हातात घेऊन उभा होता.

देवमन पुन्हा व्हरांड्याकडे फिरला. "बसा," म्हणाला. "बसूनच पाहा."

त्यानं चौकीदाराची रिकामी बाज अंगणात ओढून आणली, एका कोपऱ्यावर पाय दिला आणि दाबली. चौकोनी बाज तिरपी झाली. "अशी झाली चेशी." मग मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की शाळेतून आणवली, ती अंगणात पसरली आणि मोतीरामला त्यावरून गाडी सरळ न्यायला लावली. फक्कीत चार चाकोऱ्या उमटल्या. साहेब खुर्चीतून उठून कठड्याशी आले, बोटानं चाकोऱ्या मोजल्या आणि म्हणाले, "हे कसं सुचलं तुम्हाला?"

"घरून," देवमन म्हणाला.

साहेबांनी अहवाल दिला. मोटारीला पूर्वी कोठेतरी काहीतरी लागले असावे, पुलाची कड नैसर्गिक कारणाने खचली असावी, आणि ड्रायव्हरचा दोष दिसत नाही. पूल पुन्हा बांधायचं ठरलं आणि काम पंजाबरावांनाच मिळालं, कारण त्या पुलाचा अनुभव असलेला दुसरा माणूस नव्हता.

मोटार शेवटी देवमनकडेच आली. बॉडी उतरवली, चेसिसचं एक टोक निंबाला साखळीनं बांधलं, भट्टी पेटवली, आणि गल्लीतल्या जमेल त्या सगळ्यांनी साखळी ओढली. शिंपीही होता. चेसिस करकरत सरळ झाली. आता गाडीत काही खोट उरली नव्हती, तेव्हा खुशालरावांनी ती चांगल्या किमतीला विकून टाकली आणि पुढच्या निवडणुकीत जिल्हा परिषदेवर गेले.

मोतीरामनं सभापतींची नोकरी सोडली. पुढं तो एस.टी.त लागला. जुन्या शहराकडून बस नेताना गॅरेजसमोर तो हॉर्न द्यायचा. देवमन तेव्हा बहुधा एखाद्या गाडीखाली असायचा. बाहेर दिसणारे त्याचे दोन पाय तेवढे हलायचे, आणि कधी कधी त्यांच्या शेजारी कोणातरी मालकाचे पॉलिश केलेले दोन बूटही.